वाचलं, पण कळलं का?

इंग्रजीचा धडा घडाघडा वाचणारी मुलं परीक्षेत नेमकी कुठे अडतात? आणि स्वतःला इंग्रजी न येणारी आई त्यांना मदत करू शकते का? नवी मुंबईतल्या एका मराठी शाळेच्या वर्गात सापडलेली ही उत्तरं...

बाटली छोटीशीच होती. गुडघ्याला चोळायच्या तेलाची. गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची, तुर्भ्यातल्या एका चाळीतली. आजीला खोकलाही होता आणि गुडघेदुखीही. घरात दोन बाटल्या आणलेल्या. रात्री खोकल्याची उबळ आली तशी आजीने हाताला लागली ती बाटली उचलली आणि नववीतल्या नातीपुढे धरली, ‘बघ गं, काय लिहिलंय?’

नातीने वाचलं. न अडखळता, स्पष्ट उच्चारात, ‘शेक वेल बिफोर यूज. फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली.’ बाप कौतुकाने बघत होता. आजीने चमचाभर तेल घेतलं. कापराचा वास होता, पण खोकल्याच्या औषधालाही तसाच वास असतो की!

पुढे उलट्या, रिक्षा, वाशीचा दवाखाना. नशीब बलवत्तर म्हणून आजी दुसऱ्या दिवशी घरी आली. तिसऱ्या दिवशी मुलीची आई माझ्याकडे शाळेत आली. मी तेव्हा कोपरखैरण्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. ती म्हणाली, ‘बाई, पोरगी घडाघडा वाचतीय. मग तिला कळलं कसं नाही?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तोंडी परीक्षेत, वाचनात, त्याच मुलीला मी दहापैकी नऊ मार्क दिले होते. आणि लेखी परीक्षेत ती इंग्रजीत नापास होती.

आई उठता उठता आणखी एक वाक्य बोलली. ‘दहावीला इंग्रजीत अडकली तर माझ्यासंगं मार्केटला न्यायची. कांदा निवडायला काय इंग्रजी लागत न्हाय.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. आणि त्या हिशेबाने मला रात्रभर झोप लागली नाही.

गडम्याची गोष्ट

मैत्रिणींनो, एक गंमत करू या. खालचं वाक्य वाचा.

‘काल सकाळी एका खिंबट गडम्याने टिमरीत तीन फुळकी घोपली.’

आता प्रश्नांची उत्तरं द्या. फुळकी कोणी घोपली? गडम्याने. कुठे घोपली? टिमरीत. किती घोपली? तीन. गडम्या कसा होता? खिंबट. शाब्बास! चारपैकी चार मार्क. पण गडम्या म्हणजे काय हो? तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. कारण असा शब्दच नाही!

आपल्या मुलांचं नेमकं असंच होतं. धड्याखालचे प्रश्न बघायचे, प्रश्नातला एखादा शब्द धड्यात शोधायचा आणि ते अख्खं वाक्य उतरवून काढायचं. उत्तर बरोबर! बाई खूष, आई खूष. पण परीक्षेत पुस्तकाबाहेरचा उतारा आला, प्रश्न जरा फिरवून विचारला, किंवा हातात औषधाची बाटली आली, की सगळं संपलं.

हे एकट्यादुकट्या मुलीचं नाही. ‘प्रथम’ या संस्थेशी जोडलेलं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून गावोगावच्या घरांत जाऊन मुलांचं वाचन तपासतं. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चारातल्या एकाच मुलाला इंग्रजीची सोपी वाक्यं वाचता आली. आणि ज्यांना वाचता आली, त्यांच्यापैकी अर्थ सांगू शकणारी मुलं निम्म्याहून थोडीच जास्त निघाली. म्हणजे बाकीची मुलं गडम्याची गोष्टच वाचत होती!

आपल्या राज्यात २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आता मुलं दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकतात. दहा वर्षांत एखादी सून सासरच्या बोलीत भांडायलासुद्धा शिकते! मग इंग्रजीचंच घोडं कुठे अडतं?

वहीतली मराठी आणि माझी चूक

खरं सांगायचं तर ते माझ्यापाशीच अडत होतं. माझी पद्धत ठरलेली. मी धडा मोठ्याने वाचायची. मग एकेक ओळ घेऊन मराठीत अर्थ सांगायची. मुलं पेन्सिलीने इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मराठी शब्द लिहायची. मग प्रश्नोत्तरं फळ्यावर, ती वहीत, तीच पाठ. घरी गाइड होतंच.

यात वाचत कोण होतं? मी! अर्थ लावायचं सगळं काम माझं. मुलींच्या वाट्याला फक्त उच्चार आणि पाठांतर. पोळ्या रोज आपणच लाटायच्या आणि एक दिवस मुलीला म्हणायचं, ‘इतकी वर्षं बघतेस ना, मग लाट की!’ तसंच हे झालं.

आमच्या वर्गात कोण नव्हतं? आगरी-कोळी गावांतली मुलं, साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कुटुंबांतली, मराठवाड्यातून कामासाठी आलेल्यांची. नवी मुंबई हे शहरच मुळी बाहेरून आलेल्यांचं आणि इथल्या जुन्या गावांचं मिळून झालेलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९९२ मध्ये महानगरपालिका आली. दुकानांच्या पाट्या, बिल्डिंगांची नावं, रस्त्यावरच्या जाहिराती, जिकडे बघावं तिकडे इंग्रजी. पण या मुलांच्या घरात इंग्रजी बोलणारं माणूस नाही. त्यांच्यासाठी ती परकीच भाषा. आणि परकी भाषा वाचायला शिकवायची असते, हे मला डी.एड.च्या वेळी कुणी ठसवलंच नव्हतं.

मुदतीआधी मोडलेली पॉलिसी

मग मी शोधायला लागले. एका माहितगार सरांनी मायकेल वेस्ट हे नाव सांगितलं. हे इंग्रज शिक्षक शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होते. बंगाली मुलं इंग्रजीत का मागे पडतात, यावर १९२६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यातली एक गोष्ट मला फारच पटली.

आपण विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात काही रक्कम येते ना? सरेंडर व्हॅल्यू म्हणतात तिला. वेस्ट यांचं म्हणणं, शिक्षणालाही हाच हिशेब लावा. पुष्कळ मुलं शाळा अर्धवट सोडतात. ज्या दिवशी सोडतील त्या दिवशी त्यांच्या हातात काय असेल? चार पाठ केलेले नियम पुढे कुठेच चालत नाहीत. पण समजून वाचता येत असेल, तर शाळा सुटली तरी ते मूल आपलं आपण पुढे शिकू शकतं. म्हणून आधी वाचन पक्कं करा. वेस्ट यांनी मुलांसाठी सोप्या शब्दांतली वाचनपुस्तकं तयार केली. नवे शब्द एकदम अंगावर टाकायचे नाहीत, अंतराअंतराने आणायचे, ही त्यांची रीत.

मला त्या आईचा हिशेब आठवला. उद्या ही मुलगी खरंच शाळेतून सुटली, तर दहा वर्षांच्या हप्त्यांचे तिच्या हातात काय? दहापैकी नऊ मार्क?

निवडणं, पाखडणं आणि शीत

वाचणाऱ्या माणसाच्या काही युक्त्या असतात. आपण मराठी वाचताना त्या नकळत वापरतो. परकी भाषा वाचताना मात्र घाबरून विसरतो. त्या मुलांना उघड करून दाखवायच्या, एवढंच काम. मी त्या स्वयंपाकघरातूनच समजावल्या.

पहिली युक्ती, शितावरून भाताची परीक्षा. धडा सुरू करण्याआधी शीर्षक बघा, चित्र बघा, पहिलं आणि शेवटचं वाक्य बघा. यात काय असेल? अंदाज बांधा. चुकला तर चुकला. पण अंदाज बांधलेलं मूल ‘आपलं बरोबर आलं का’ हे बघायला पुढे वाचतं.

दुसरी, पाखडणं. सुपात धान्य घेऊन आपण एकेक दाणा बघत नाही. झरकन पाखडलं की फोल वेगळं आणि दाणा वेगळा. तशी सगळ्या उताऱ्यावरून भरभर नजर फिरवायची. हा उतारा कशाबद्दल आहे, तेवढंच कळून घ्यायचं.

तिसरी, निवडणं. तांदूळ निवडताना नजर फक्त खडा शोधते. प्रश्न ‘किती वाजता’ असा असेल तर फक्त आकडे शोधा. ‘कुठे’ असेल तर कॅपिटल अक्षरांनी सुरू होणारी नावं शोधा. स्टेशनवरच्या टाइमटेबलमध्ये आपली गाडी शोधताना आपण सगळं टाइमटेबल थोडंच वाचतो?

चौथी, अडलेल्या शब्दापाशी बसून न राहणं. मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, ‘द ओल्ड मॅन वॉज सो फॅमिश्ड दॅट ही एट सेव्हन भाकरीज.’ वर्ग हसला. फॅमिश्ड कुणालाच माहीत नव्हता. पण सात भाकऱ्या कोण खातं? मागून एक मुलगा ओरडला, ‘लय भूक लागलेला!’ झालं की! डिक्शनरी न उघडता अर्थ सापडला.

पाचवी, शब्द फोडून बघणं. मराठीत ‘हजर’ला ‘गैर’ लावलं की गैरहजर, ‘फिकीर’ला ‘बे’ लावलं की बेफिकीर. तसंच इंग्रजीत ‘हॅपी’ला ‘अन’ लागलं की अनहॅपी, ‘केअर’ला मागे ‘लेस’ लागलं की केअरलेस. एक शब्द येत असला की चार उलगडतात.

आणि सहावी, वळणाचे फलक ओळखणं. ‘बट’ आला की गाडी वळणार. ‘बिकॉज’ आला की कारण येणार. ‘सो’ आला की परिणाम येणार. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं. म्हणून आधी ‘कोण’ आणि ‘काय केलं’ एवढं पकडायचं, मग बाकीचं.

मी वर्गात मोठ्याने विचार करून दाखवायची. ‘हा शब्द मला येत नाही, पण पुढे पाऊस आहे, छत्री आहे, म्हणजे बहुतेक भिजण्याबद्दल काहीतरी...’ बाईंनासुद्धा शब्द अडतात, हे बघून मुलांना केवढा धीर आला!

चार प्रश्नांचा खेळ

अमेरिकेत अ‍ॅनमरी पॅलिन्क्सर आणि अ‍ॅन ब्राउन या दोन अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये एक प्रयोग मांडला. त्यांनी घेतली होती सातवीची मुलं, जी वाचायची नीट, पण समजायचं नाही. अगदी आमच्या मुलीसारखी! आणि तीही त्यांच्या शाळेच्या रोजच्या भाषेत. त्यांनी चार गोष्टी करायला लावल्या. पुढे काय येईल त्याचा अंदाज, वाचलेल्यावर स्वतः प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं, आणि थोडक्यात सांगणं. आधी शिक्षिका करून दाखवणार, मग पाळीपाळीने मुलंच ‘बाई’ होणार. काही आठवड्यांत मुलांना समजण्यात स्पष्ट फरक दिसला.

मी चार-चार मुलांचे गट केले. एक अंदाजवाला, एक प्रश्नवाला, एक अडलं-नडलं बघणारा आणि एक सारांशवाला. दर परिच्छेदाला पाळी बदलायची. बोलायचं मराठीतच! वाचायचं इंग्रजी, त्यावर बोलायचं आपल्या भाषेत. कारण तपासायचं होतं ते समजणं, इंग्रजी बोलणं नव्हे.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिला महिना तर गोंधळच गोंधळ. एका तासात अर्धं पान. पोर्शन मागे पडला. स्टाफरूममध्ये टोमणे, ‘तुमच्या इंग्रजीच्या तासाला मराठीच ऐकू येतं हो!’ एका पालकांनी तक्रार केली, वह्या कोऱ्या का? मीही डगमगले. दोनदा जुन्या पद्धतीवर गेले आणि दोनदा परत आले.

एक मर्यादाही लक्षात आली. अंदाज बांधायलाही हातात थोडं भांडवल लागतं. वाक्यातले निम्मे शब्दच अनोळखी असतील तर कसला अंदाज? पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांच्या २००० सालच्या अभ्यासात दर पाच शब्दांत एक शब्द अनोळखी असेल, तर कुणालाच गोष्ट पुरेशी समजली नाही. शंभरात दोनच अनोळखी असतील तेव्हा वाचन सहज होतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे नववीच्या मुलाला नववीचं पुस्तक जड जात असेल, तर त्याला तिसरी-चौथीचं गोष्टीचं पुस्तक द्यायला लाज कसली? फिजी बेटांवरच्या खेडेगावच्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी हेच केलं. गोष्टींची भरपूर सचित्र इंग्रजी पुस्तकं वर्गात आणून ठेवली. १९८३ मध्ये त्यांनी लिहिलं, की नुसत्या पाठ्यपुस्तकावर शिकणाऱ्यांपेक्षा ही मुलं वाचनात कितीतरी वेगाने पुढे गेली.

आम्ही रद्दीवाल्याकडून गोष्टींची जुनी पुस्तकं किलोवर आणली. मुलांनी घरून बिस्किटांचे पुडे, साबणाची वेष्टनं, औषधांची खोकी आणली. ‘एक्सपायरी’, ‘कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन’, ‘डू नॉट स्वॉलो’. आणि एक दिवस ती मुलगी स्वतःच ती तेलाची बाटली घेऊन आली. ‘एक्स्टर्नल’वर बोट ठेवून म्हणाली, ‘बाई, एक्स म्हणजे बाहेर ना? एक्झिटमध्ये असतं तसं? स्टेशनवर लिहिलेलं असतं.’ वर्ग गप्प झाला. कुणी हसलं नाही.

आईला इंग्रजी येत नसेल तर?

आता तुमच्या मनातला प्रश्न. ‘आम्हालाच येत नाही, आम्ही काय शिकवणार?’

त्या मुलीच्या आईनेही हेच विचारलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. मी तिला म्हटलं, ‘ताई, तुम्हाला येत नाही हेच बरं आहे. तुम्ही फक्त विचारा.’ रोज रात्री पंधरा मिनिटं. मुलगी इंग्रजीत वाचेल, तुम्ही भाजी निवडता निवडता ऐका आणि चार प्रश्न विचारा.

वाचायच्या आधी, ‘चित्रावरून काय वाटतंय गं?’
मध्येच थांबवून, ‘आता पुढं काय होणार?’
अडली की, ‘बाकीच्या वाक्यावरून काय वाटतं?’
आणि शेवटी, ‘मला समजेल असं सांग बघू.’

ज्या आईला इंग्रजी येतं ती पटकन अर्थ सांगून मोकळी होते. जिला येत नाही तिला मुलीने खरोखरच समजावून सांगावं लागतं! आणि आणखी एक. मराठीत गोष्ट ऐकणारं, वाचणारं, ‘असं का?’ विचारणारं मूल ती सवय दुसऱ्या भाषेतही घेऊन जातं. कॅनडातले भाषाअभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून हेच मांडत आले आहेत. तेव्हा इंग्रजी सुधारायचं म्हणून घरातलं मराठी वाचन बंद करू नका. पेपरमधली बातमी वाचून घ्या, पाककृती वाचून घ्या, त्यावर बोला.

रमाबाई रानड्यांची आठवण होते. लग्नानंतर न्यायमूर्तींनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवलं. घरातल्या मोठ्या बायकांना ते मुळीच रुचलं नव्हतं. १९१० मध्ये निघालेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात हे सगळं आहे. त्या काळी घरातल्या बायका म्हणायच्या, कशाला शिकतेस? आज घरातल्या बायका म्हणतात, शीक बाई! पण ‘शीक’ म्हणून क्लासची फी भरली की आपलं काम संपत नाही. शेजारी बसून ‘म्हणजे काय?’ विचारणं, हे आपणच करायचं.

ती मुलगी दहावीला इंग्रजीत पंचावन्न मार्कांनी पास झाली. काही डोंगराएवढे नाहीत. तिचे उच्चार आजही एखाद्या इंग्लिश मीडियमच्या मुलीसारखे सफाईदार नाहीत. पण पेपर हातात आल्यावर ती म्हणाली, ‘बाई, तो बाहेरचा उतारा होता ना, तो आधी आपल्याला दिलाच नव्हता. तरी मला कळला!’ मला वाटतं, दहा वर्षांच्या हप्त्यांची ती रक्कम होती.

मार्केटला ती गेली नाही. पुढे शिकली, आता एका ऑफिसात कामाला आहे. मध्यंतरी तिची आई भाजीबाजारात भेटली. आजी मागेच गेल्या म्हणाली. मग हसत म्हणाली, ‘बाई, बँकेचा कागद आला, पोरीनं वाचला. सही करा म्हणत होते. मी म्हटलं, थांब. म्हणजे काय, ते आधी सांग.’

‘मग?’

‘मग काय! तिनं परत वाचला. आणि आम्ही सही केली न्हाय.’